सिस्टरचा चिन्नोर

सिस्टर कोणतीही गोष्ट पाहायच्या ती चष्मा कपाळावर सरकवून. चष्मा लांबचं दिसण्यासाठीच होता, तरी पाहण्यासारखं काही समोर आलं की तो वर जायचा, मान थोडी मागे व्हायची, ओठ एका बाजूला मुडपायचे आणि लगेच निकाल लागायचा.

"हं. पाहून झालं. चला."

मग ते काहीही असो. शेजारच्यांचं नवीन स्वयंपाकघर असो, कोणाची नवी सून असो, की पावसाळ्यात धरणाचे सगळे दरवाजे उघडल्यावर अख्खा जिल्हा डबे बांधून पाहायला जातो ते पाणी असो. आम्ही सगळे कठड्याला धरून उभे होतो, अंगावर तुषार उडत होते, पोरं ओरडत होती, आणि ही बाई गाडीत जाऊन बसली होती. ड्रायव्हरला म्हणत होती, "पानीच आहे ना? घरी नळाले येत नाही का?"

मला ती आवडत नसे, हे आधीच सांगून टाकते. माणसांबद्दल लिहिणारे पहिल्याच पानावर त्यांच्या प्रेमात पडतात. माझ्याकडून ते होणार नाही. आमची वस्ती कारध्याला, वैनगंगेच्या काठी. पूल ओलांडला की भंडारा. मी भंडाऱ्यात टपाल कचेरीच्या काउंटरवर बसते, त्यामुळे तुसडी माणसं मला नवीन नाहीत. पण संध्याकाळी घरी आल्यावर भिंतीपलीकडेही तेच ऐकायचं म्हणजे जरा जास्तच होतं.

सरकारी दवाखान्यातून त्या निवृत्त झाल्या होत्या. नोकरीत असताना सिस्टर, निवृत्त झाल्यावरही सिस्टर. त्यांचं खरं नाव वस्तीत फक्त पोस्टमनला ठाऊक होतं. बाळंतपणाच्या वॉर्डात एखादी बाई कळांनी ओरडू लागली की म्हणायच्या, "काहून ओरडून राहिली? तूच पहिली आहे का बाळंत होणारी?" आणि तरी गावोगावच्या बायका सिस्टरची ड्युटी कधी आहे ते विचारून यायच्या. का, ते मला कधी कळलं नाही.

कारण त्यांचं निदान म्हणाल तर आनंदच होता. माझ्या सासूबाई न्हाणीत पडल्या तेव्हा मीच मूर्खासारखी त्यांना बोलावून आणलं. त्यांनी पाय दाबला, सासूबाई विव्हळल्या. "काही मोडलं नाही. नाटकं आहेत," सिस्टर म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी एक्स-रे काढला तर खुब्याचं हाड मोडलेलं. मी तो एक्स-रे मुद्दाम त्यांच्या घरी नेऊन दाखवला. त्यांनी तो खिडकीकडे धरला, चष्मा कपाळावर नेला. "एवढुसं तर आहे," म्हणाल्या, आणि परत दिला.

अशा बाईला जगात एकच गोष्ट पसंत होती. आसगावचा चिन्नोर.

आसगावला त्यांच्या वाट्याची एक बांधी होती. बांधी म्हणजे धानाचं बांध घातलेलं शेत. ती त्यांचा भाऊ कसायचा आणि दर वर्षी चिन्नोर तांदळाची पोती कारध्याला आणून टाकायचा. चिन्नोर शिजत असला की वास चार घरं ओलांडून जातो, हे मी मान्य करते. वासच यायचा, वाटीभर भात कधी आला नाही. बाकीच्या तांदळाला त्या तांदूळ म्हणतच नसत. रेशनचा म्हणजे 'खडे', हॉटेलातला बासमती म्हणजे 'दोरे'. माझ्या भाचीच्या लग्नात पंगतीत बसल्यावर त्यांनी पिशवीतून आपला भाताचा डबा काढला आणि वाढप्याला म्हणाल्या, "मले फक्त वरन." वधूची आई म्हणजे माझी बहीण समोरच उभी होती. ती अजून तो विषय काढते.

आता माझ्या नवऱ्याविषयी थोडं सांगावं लागेल, कारण पुढचं सगळं त्याच्यामुळे झालं. तो पाटबंधारे खात्यात आहे, पण विचाराल तर तो निसर्गप्रेमी आहे. दर शनिवारी मातकट रंगाचा शर्ट, मातकट टोपी आणि गळ्यात कॅमेरा. माणूस जन्मापासून भंडाऱ्याचा, पण कॅमेरा गळ्यात पडला की पुण्याचं मराठी बोलायला लागतो. मीही दोनतीनदा गेले त्याच्याबरोबर. जिप्सींची रांग लागलेली, सगळ्यांच्या दुर्बिणी एकाच झुडपाकडे, आणि झुडपात वाघाचं शेपूट. त्या शेपटाची मोठी फ्रेम आमच्या हॉलमध्ये आहे. पाहुण्यांना आधी शेपूट शोधावं लागतं, मग कौतुक करावं लागतं.

पुढे त्याला वाघाचाही कंटाळा आला. वाघ काय, कोणीही पाहतो. त्याच्या मंडळींमध्ये आता वर्षावनाची फॅशन आली होती. देशाच्या नकाशात उजवीकडचं पार टोक आहे ना, तिथलं एक राष्ट्रीय उद्यान त्यांनी ठरवलं. तिथं मोठा धनेश पक्षी दिसतो म्हणे. जाणार होते तिघं: तो, मी आणि त्याचा एक मित्र. मित्राचं आयत्या वेळी हर्नियाचं निघालं. ही बातमी भिंतीपलीकडे पोचायला किती वेळ लागणार?

"कुठं चालले म्हनता?" सिस्टर भिंतीवरून म्हणाल्या.

"वर्षावनात," नवरा म्हणाला. "तिथं जवळजवळ वर्षभर पाऊस असतो, सिस्टर. झाडी इतकी दाट की ऊन जमिनीपर्यंत पोचतच नाही."

"मग कपडे कसे वाळतात?"

याचं उत्तर त्याच्या पुस्तकात नव्हतं.

"एक तिकीट रिकामं आहे ना? येते मी. पैसे देते."

"सिस्टर, तिथं फार चालावं लागतं. जळवा असतात."

"नाकाडोंगरीले होती मी नोकरीच्या सुरुवातीले. जंगलातून पायी फिरून बाळंतपणं केली. मले जंगल नका शिकवू."

मी नवऱ्याकडे डोळे मोठे करून पाहिलं. पण त्याला नाही म्हणता येत नाही, आणि मग त्याचं भोगायला मी असतेच.

नागपूरहून विमान, मग आणखी एक विमान, मग दिवसभर जीप, मग होडीतून नदी आणि नदीनंतर पायवाट. जंगल सुरू झालं. आपल्याकडचं जंगल म्हणजे उन्हाळ्यात पानं झडून आरपार दिसणारं. इथं दहा पावलांवरचं दिसत नव्हतं. खोडावर शेवाळ, शेवाळावर नेचे, नेच्यांवर वेली, आणि सगळ्यावरून पाणी ठिबकत होतं. एका झाडाची मुळं जमिनीवर भिंतींसारखी उभी होती; दोन मुळांच्या मध्ये आमची मोरी मावली असती. नवरा त्या झाडाला हात लावून डोळे मिटून उभा राहिला. सिस्टरचा चष्मा कपाळावर गेला.

"नुसती मुरंच दिसून राहिली," त्या म्हणाल्या. मग आमच्याबरोबर सामान घेऊन चालणाऱ्या गार्डला विचारलं, "मोह है इधर? तेंदू? चारोली?"

"नहीं, मॅडम."

"मग कायचं जंगल हे?" हे मला. "पाहून झालं. चला."

हा गार्ड तिथल्याच गावचा, रोजंदारीवरचा माणूस. ठेंगणा, पायात रबरी बूट, कमरेला लांब सुरा. तो आणि त्याची बायको कॅम्प सांभाळत. कॅम्प म्हणजे ओढ्याकाठी बांबूच्या तीन झोपड्या आणि एक स्वयंपाकघर. आम्ही पोचलो तसं त्यानं सामान खाली ठेवलं आणि पहिली गोष्ट विचारली.

"चावल है? नमक है? इधर जमा करो. कमरे में नहीं रखना. हाथी आता है."

समोर उंच मचाणावर लोखंडी ड्रम होता, सगळं रेशन त्याच्यात. एक एकटा हत्ती होता म्हणे, त्याला तांदळाची चटक लागलेली. वास आला की भिंत पाडून आत शिरायचा. गार्डनं हेही सांगितलं, अगदी सरळ चेहऱ्यानं, की झोपडीत तांदूळ सापडला तर त्याची नोकरी जाते. "पिछला आदमी ऐसे ही गया."

नवऱ्यानं चिवडा दिला, मी मिठाची पुडी दिली. सिस्टरनी एक लहान स्टीलचा डबा पुढे केला. "चावल. मेरा अलग पकाने का. इसमें दूसरा मिलाना नहीं."

"और है?"

"इतनाच है."

गार्डनं त्यांच्या पिशवीकडे पाहिलं, मग पुन्हा विचारलं. सिस्टरनी त्याच्याकडे अशी नजर टाकली की मीही दुसरीकडे पाहू लागले. तो डबा घेऊन मचाणावर चढला.

पुढचे दोन दिवस काय सांगू? पहाटे हूलॉक ओरडायचे. ते बिनशेपटीचं माकड असतं, आणि जोडीनं गातं. आधी एक आवाज, मग दुसरा, मग सगळा डोंगर दणाणून जायचा. नवऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं. सिस्टर झोपडीतून टॉवेलनं तोंड पुसत बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "कोन रडून राहिलं?" जळू चिकटली की त्या नखानं खेचून फेकायच्या आणि रक्त वाहू द्यायच्या. मला लागली तेव्हा मी किंचाळले, तर म्हणाल्या, "नाटकं नको करू. एवढं रक्त तर तपासायले नेतात." जेवताना आमच्या ताटात तिथला जाड, चिकट भात आणि त्यांच्या ताटात चिन्नोर. वास सगळ्या कॅम्पभर. गार्डची बायको एकदा नुसती वाकून वास घेऊन हसली. सिस्टरनी तिला चमचाभर दिला. मी बारा वर्षं शेजारी राहिले होते.

धनेश काही दिसत नव्हता. नवरा अंधारमिट्ट झाडीत मान वर करून करून दुखणं घेऊन बसला. तिसऱ्या दिवशी सकाळी गार्ड आम्हाला टेकडीवर घेऊन गेला, तिथं एका झाडाला फळं आली होती. दुपारपर्यंत बसलो. एक खार दिसली, मांजराएवढी. सिस्टरचं पाहून झालं आणि आम्ही परत निघालो.

ओढ्याजवळ आलो तर गार्डची बायको मचाणावर बसलेली, गुडघे पोटाशी घेऊन. तिनं हातानं दाखवलं. आमच्या झोपडीची मागची भिंत नव्हती. बांबू काडेपेटीतल्या काड्यांसारखे पसरले होते, खाट उलटी होती, आणि खाटेखाली दडवलेली सिस्टरची कापडी पिशवी फाटून दाराबाहेर पडली होती. पिशवी चांगली पायलीभर तांदळाची असावी. बराच हत्तीनं खाल्ला होता. उरलेला चिखलात पसरला होता, पांढरा, बारीक, आणि ओलाव्यानं त्याचा वास आणखीच सुटला होता. हत्ती ओढा ओलांडून बांबूत गेला होता. दिवसाढवळ्या आला होता, ही नशिबाचीच गोष्ट; रात्री आला असता तर त्या खाटेवर सिस्टर असत्या आणि बाजूच्या खाटेवर मी.

 गार्डनं एक दाणा उचलला, बोटांत धरून पाहिला. मग मचाणावरच्या बायकोकडे पाहिलं. त्या दोघांच्या चेहऱ्यांवरून कळत होतं की पुढं काय होणार ते त्यांना कळलेलं आहे.

मला भयंकर संताप आला होता. एक बाई, सगळ्या जगाला नाकं मुरडणारी, दुसऱ्याच्या ड्रममध्ये आपला तांदूळ ठेवायचा नाही म्हणून खोटं बोलते, आणि तिच्या भातापायी एका गरिबाचं पोट जातं. शेवटी एवढंच म्हटलं, "सिस्टर, तुमाले लाज वाटायले पाहिजे." त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. चष्मा नाकावरच होता.

गार्डनं वायरलेसवरून कळवल्यावर वनखात्याचे साहेब तासाभरातच आले. ते खालच्या चौकीत मुक्कामाला होते. तरुण माणूस, कडक इस्त्रीचा गणवेश. त्या जंगलात इस्त्री कुठे मिळते कोण जाणे. त्यांनी पडलेली भिंत पाहिली, तांदूळ पाहिला, आणि गार्डकडे वळले. तांदूळ आत कसा आला, एवढाच प्रश्न.

नवऱ्यानं माझा दंड धरला. कुजबुजला, "आपण काही बोलायचं नाही. नाव काळ्या यादीत गेलं तर मला कुठल्याच उद्यानात शिरू देणार नाहीत." हे पुण्याच्या मराठीत. मी दंड सोडवून घेतला.

गार्ड म्हणाला, "साहब, मैंने ठीक से देखा नहीं. गलती मेरी है."

आम्ही पाहुणे होतो म्हणून बोलला असेल, किंवा असल्या ठिकाणी खरं सांगून काही होत नाही हे त्याला माहीत असेल.

"ए," सिस्टर म्हणाल्या. वॉर्डातला आवाज होता तो. "नाटक मत कर. तूने पूछा था के नहीं?"

गार्ड खाली पाहत राहिला.

"पूछा था के नहीं? बोल."

"पूछा था."

"हां." मग त्या साहेबांकडे वळल्या. "लिखो. इसने पूछा, दो बार पूछा, और मैंने झूठ बोला. चावल मेरा है. मेरा नाम लिखो."

साहेब म्हणाले, मॅडम, तुम्ही शिकलेली माणसं असं करता म्हणजे काय.

"शिकलेली हूं इसीलिए बोल रही ना, लिखो."

साहेबांनी ऐकून घेतलं, पण गार्डलाही सोडलं नाही. त्यानं पिशव्या उघडून पाहायला हव्या होत्या, ती त्याची जबाबदारी.

"औरत की थैली में हाथ डालता क्या ये?" सिस्टर म्हणाल्या. "डालता तो मैं थप्पड मारती. फिर तुम मेरी तरफ से बोलते."

साहेबांचे दोन शिपाई दुसरीकडे पाहू लागले. साहेबांनी सिस्टरचं नाव लिहून घेतलं, पत्ता लिहून घेतला. आम्हाला सकाळीच निघायला सांगितलं आणि पुन्हा या उद्यानात यायचं नाही असं बजावलं. गार्ड तूर्तास राहील. पण इथं तांदूळ मिळतो हे आता हत्तीला कळलंय. वास राहिला आणि तो पुन्हा आला तर कॅम्प बंद होईल आणि गार्डही घरी जाईल. एवढं सांगून साहेब गेले.

ते दिसेनासे होईपर्यंत सिस्टर उभ्या होत्या. मग साडीचा पदर कमरेला खोचला आणि त्या चिखलात बसल्या. बसल्या म्हणजे खरोखर बसल्या, मांडी घालून.

"एक दाना नाही राह्यला पायजे," म्हणाल्या. रागात किंवा दमल्यावर त्यांच्या तोंडी आसगावची बोली जशीच्या तशी यायची. "बादली आन. काहून उभी राहिली?"

"सिस्टर, चिखलात दाणे कसे दिसतील?"

"धान कापून झाल्यावर बांधीतला सरवा वेचला मी लहानपनी. दिसतात."

गार्ड वेचायला वाकला तर त्याला हाकलून लावलं. "तू मत कर. तू भिंत बांध." पण त्याची बायको मचाणावरून उतरून त्यांच्या बाजूला येऊन बसली, तिला काही म्हणाल्या नाहीत. मीही बसले. न बसून काय करते? दाणे वेचता येईनात तिथली मातीच खरवडून बादलीत टाकत होतो. वरून पाऊस सुरू झाला. सिस्टरच्या घोट्यांवर, मनगटावर जळवा चढल्या, मानेवर एक फुगून लोंबत होती. त्यांनी एकही काढली नाही. बोटं चालूच. बासष्टीची बाई, सांधे धरलेले, घरी पाटावर बसायला जमत नाही म्हणून खुर्चीवर जेवणारी. मी त्यांना काही बोलणार होते, पण कशाबद्दल बोलावं ते मला ठरवता येईना.

आणि तेवढ्यात तो आला. आधी आवाज आला, कोणी मोठ्या सुपानं पाखडावं तसा, फस् फस्, फस् फस्. नवरा झोपडीच्या दारातून ओरडला, आणि मग स्वतःचंच तोंड दाबून कुजबुजला, "धनेश. सिस्टर, वर पाहा. तुमच्या डोक्यावर आहे. अहो, वर पाहा."

मी पाहिलं. खोटं कशाला बोलू, देखणा होता. केवढी ती पिवळी चोच, तिच्यावर शिंग, मानेचा रंग हळदीचा. फांदीवर बसून आमच्याकडे मान वाकडी करून पाहत होता. गार्डच्या बायकोनंही मान वर केली. नवरा गुडघ्यावर बसून फोटो काढत होता.

सिस्टरनी वर पाहिलं नाही. एवढ्या लांबून येऊन, एवढं चालून, जिच्यासाठी लोक आयुष्यभर थांबतात ती गोष्ट डोक्यावर बसलेली, आणि ही बाई चिखलातून तांदळाचा एकेक दाणा उचलून बादलीत टाकत होती. पक्षी कितीतरी वेळ बसला. गेला तेव्हाही तसाच मोठा आवाज झाला. त्यांना तो ऐकू आला की नाही, मला माहीत नाही.

अंधार पडायच्या आत गार्ड आम्हाला नदीच्या धारेकडे घेऊन गेला, जिथं पाणी जोरात वाहतं. बादल्या सिस्टरनी स्वतः उलट्या केल्या. चिन्नोर पाण्यावर क्षणभर पांढरा दिसला आणि गेला. मचाणावरच्या डब्यात उरलेला होता तोही त्यांनी आणायला लावला आणि ओतला. त्या रात्री त्या जाड भात जेवल्या. "खडे आहेत," म्हणाल्या, आणि ताट पुसून खाल्लं.

तुम्हाला वाटेल की परत आल्यावर त्या बदलल्या. छे. आल्या आल्या भिंतीवरून आमच्या ओट्याच्या नव्या फरशीला नाव ठेवलं. आसगावहून नवं पोतं आलं, पुन्हा वास सुटला, पुन्हा मला वाटीभर मिळाला नाही. नवऱ्यानं धनेशचा फोटो मोठा करून फ्रेम केला आणि त्यांना बोलावून दाखवला. कोपऱ्यात खाली, अंधुक, पाठमोरी वाकलेली एक बाई दिसते. सिस्टरनी फोटो पाहिला. "ह्याची चोच जरा मोठीच झाली," म्हणाल्या.

एकच नवीन गोष्ट झाली. निघताना त्यांनी गार्डचा नंबर घेतला होता, आणि त्याला आपला आणि माझाही दिला होता, मला न विचारता. बाजाराच्या दिवशी गार्ड खाली गावात आला की त्याच्या फोनला रेंज यायची. त्या दिवशी सिस्टर ओट्यावर खुर्ची टाकून बसायच्या आणि फोन लागेपर्यंत लावत राहायच्या. बोलणं मला भिंतीपलीकडून ऐकू यायचं.

"आया क्या?" मग थोडं थांबून, "अच्छा. बीवी ठीक है?" मग फोन बंद.

हत्तीनं पुन्हा तोंड दाखवलं नव्हतं. गार्डची नोकरी होती. मागच्या हिवाळ्यात छत्तीसगडकडून आलेले हत्ती आपल्या जिल्ह्यात शिरले आणि धान तुडवून गेले तेव्हा त्यांनी मुद्दाम त्याला फोन करून सांगितलं, "हमारे यहां भी आया. धान खाके गया." त्यात तक्रार नव्हती, जराशी फुशारकीच होती.

या उन्हाळ्यात सिस्टर गेल्या. दुपारी जेवून, कूलर लावून खुर्चीत बसल्या होत्या, तशाच. नागपूरहून मुलगी आली, घरी बुद्धवंदना झाली. खरं सांगते, त्या दिवशी वस्तीत इतक्या बायका आल्या की रस्ता भरला. कुठल्या कुठल्या गावांहून, लेकरांना घेऊन, मोठमोठ्या झालेल्या लेकरांना घेऊन. एकीनं आपल्या मिशा फुटलेल्या पोराला पुढे ढकललं आणि मला सांगितलं, "हा सिस्टरच्याच हातचा. मले लय शिव्या देल्या होत्या." मी तिला पाणी दिलं. मुलीनं घराला कुलूप लावलं, फोन बंद केला आणि ती गेली. भिंतीपलीकडे आता कोणी नावं ठेवत नाही.

परवा काउंटर बंद करता करता माझा फोन वाजला. नंबर ओळखीचा नव्हता.

"मॅडम, सिस्टर का फोन बंद आता है," पलीकडून आवाज आला. मला ओळखायला वेळ लागला. गार्ड होता.

मी सांगितलं. सिस्टर राहिल्या नाहीत, उन्हाळ्यातच गेल्या.

पलीकडे पावसाचा आवाज येत होता.  मग त्यानं हळूच विचारलं, "हाथी ने?"

"नहीं, भाऊ," मी म्हटलं. "घर में. खाना खाकर बैठी थीं."

"अच्छा," तो म्हणाला. मग म्हणाला, "हाथी इस साल भी नहीं आया. बस, उनको यही बताना था."

काचेपलीकडे एक माणूस रजिस्टर करायचं पाकीट घेऊन उभा होता. त्याला मी उद्या या म्हटलं. तो चिडून काहीतरी बोलला, त्याला वाटलं मी तुसडी आहे. मला त्याच्यासमोर रडायचं नव्हतं.